टेक्श्चरला सांधा नको, पण फरशीला सांधा असतोच



टाइलच्या दुकानावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, गिऱ्हाइकाला थ्रीडी करून दाखवायचंय. नेटवर नक्षीच्या टाइलचे सीमलेस टेक्श्चर फुकट मिळतात. ते टाकून रेंडर दिलं तर चालेल का?"

माझं उत्तर सरळ आहे. सरावासाठी चालेल, विक्रीसाठी नाही.

तुम्ही म्हणाल, का नाही? पॉली हेवन, अँबियंटसीजी अशा साइटवरचे टेक्श्चर तर व्यवसायासाठीही वापरायची मोकळीक आहे. बरोबर आहे. तिथं कायद्याची अडचण नाही, अडचण धंद्याची आहे. ती टाइल तुमच्या गोडाऊनमध्ये नाही. जी वस्तू तुम्ही देऊ शकत नाही, तिचं चित्र दाखवून तुम्ही ॲडव्हान्स घेताय. रेंडर म्हणजे नुसतं सुंदर चित्र नाही, तो तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १८,४५० रुपये भरून शिकलोय.

गुरुजींच्या हॉलची गोष्ट

दुकान सुरू करून दोनच वर्षं झाली होती. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी आले. फंडाच्या पैशातून घर बांधत होते. काकूंची एकच इच्छा होती. त्यांच्या माहेरच्या जुन्या वाड्यात नक्षीची फरशी होती, चार फरशा जोडल्या की एक मोठं फूल व्हायचं. तसं काहीतरी हॉलमध्ये हवं.

माझ्याकडे तशा नक्षीची दोन बाय दोन फुटी टाइल नुकतीच आली होती. डिस्प्लेला अजून लावली नव्हती. मी ओळखीच्या एका मुलाकडून रेंडर करून घेतलं. त्याने नेटवरून मिळतंजुळतं टेक्श्चर उचललं, हॉलवर टाकलं आणि दुपारपर्यंत फोटो पाठवला. काय दिसत होतं! दोन-दोन फुटांची फुलं, एकात एक मिसळलेली, सगळा हॉल जणू गालिचा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच दहा पेट्यांचं बिल केलं.

टाइल बसली. वास्तुशांत आठ दिवसांवर होती. गुरुजींनी मला बोलावलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, चित्रात या रेघा नव्हत्या." आणि काकू म्हणाल्या, "आमच्या घरचं फूल एवढं बारकं नव्हतं रे."

दोघांचंही खरं होतं. माझ्या टाइलवर नऊ फुलं छापलेली होती, एकेक आठ इंचाचं. रेंडरमध्ये तेच फूल दोन फुटांचं झालं होतं. आणि रेंडरमध्ये सांधाच नव्हता. प्रत्यक्षात दर दोन फुटांवर दोन मिमीची रेघ होती आणि आत पांढरं ग्राउट.

चूक त्या मुलाची नव्हती. त्याने सांगितलं तेवढं केलं. टाइलचा एक पीस शेजारी ठेवून रेंडर तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

हॉल १४० स्क्वेअर फूट. टाइल १० पेट्या, ९२० प्रमाणे ९,२०० रुपये. बसवायची मजुरी ३५ रुपयाने ४,९००. ॲडहेसिव्हच्या तीन बॅगा, १,३५०. उखडणं आणि राडारोडा उचलणं, ३,०००. एकूण १८,४५०. त्या जागी साधी क्रीम रंगाची टाइल टाकली, कारण वास्तुशांतीपर्यंत दुसरं काही येणार नव्हतं. गुरुजींनी माझ्याकडून एक रुपया जास्त मागितला नाही. पण किचन आणि दोन बाथरूमची ऑर्डर त्यांनी दुसरीकडे दिली. आणि काकूंची फरशी राहिली ती राहिलीच.

पैसे भरून निघतात हो. पण काकूंना मी फुलं दाखवली आणि दिली नाहीत, हे अजून मला टोचतं.

सीमलेस म्हणजे नक्की काय?

नवीन लोकांचा इथं गोंधळ होतो, म्हणून आधी हे समजून घेऊ.

सीमलेस टेक्श्चर म्हणजे असं चित्र, ज्याची डावी कड उजव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला जुळते. संगणक ते चित्र एकाशेजारी एक लावत जातो आणि जोड दिसत नाही. म्हणजे सांधा नाही तो फाइलला. फरशीला सांधा नाही असा त्याचा अर्थ नाही. माझ्या रेंडरमध्ये नेमका हाच घोळ झाला होता.

आता गंमत बघा. आज जी टाइल आपण विकतो, तीसुद्धा मुळात एका फाइलमधूनच छापलेली असते. स्पेनमधल्या कास्टेलोनच्या पट्ट्यात २०००च्या सुमारास टाइलवर इंकजेटने छपाई करणारी यंत्रं आली आणि नंतर ती सगळीकडे पसरली. आपल्याकडे मोरबीच्या कारखान्यांतही आज याच पद्धतीने डिझाइन छापतात. त्यामुळेच मार्बल डिझाइनच्या एका पेटीतल्या चारही टाइल वेगवेगळ्या दिसू शकतात. त्याला आपण धंद्यात फेस म्हणतो. एका डिझाइनचे चार, सहा, आठ, कधी त्याहून जास्त फेस असतात.

म्हणून टेक्श्चर करायच्या आधी आपल्या हातातली टाइल कोणत्या जातीची आहे ते ओळखा. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली, जिची नक्षी एकाच टाइलमध्ये पुरी होते. कडेला चौकट, मध्ये फूल. हिचं टेक्श्चर सगळ्यात सोपं. एक टाइल, भोवती सांधा, संपलं.

दुसरी, जिची नक्षी शेजारच्या टाइलमध्ये जाते. काकूंच्या माहेरची फरशी या जातीची होती. ती सिमेंटची असायची, सिरॅमिकची नव्हे, पण हिशेब तोच. एका फरशीवर पाव फूल. पुढची फरशी ९० अंशात फिरवायची, मग पुढची, अशा चार झाल्या की पूर्ण फूल. इथं एका टाइलचं टेक्श्चर करून चालत नाही. तसं केलं तर संगणक सगळ्या टाइल एकाच दिशेने लावतो, फूल कधी पुरंच होत नाही. चार टाइल फिरवून जोडायच्या आणि त्या चौकोनाचं एक टेक्श्चर करायचं.

तिसरी, मार्बल किंवा दगडासारखी. इथं जास्त चुका होतात. नेटवरच्या सीमलेस मार्बलमध्ये शिरा न तुटता हॉलभर वाहत जातात. प्रत्यक्षात साध्या मार्बल डिझाइनमध्ये शीर सांध्यापाशी तुटते आणि शेजारच्या टाइलवर वेगळीच सुरू होते. शिरा जुळवून हव्या असतील तर एंडलेस किंवा बुकमॅचचा सेट घ्यावा लागतो, त्याचा भाव वेगळा. तुम्ही साधी टाइल विकताय आणि रेंडरमध्ये कडा घासून घासून शिरा जुळवल्यात, तर तुम्ही साध्या टाइलच्या भावात एंडलेस दाखवलीत. गिऱ्हाईक तेच मागणार, आणि ते चुकीचं नाही.

आपल्या टाइलचं टेक्श्चर आपणच करायचं

यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. मी आजही मोबाइल, एक स्टूल आणि फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो.

आधी कंपनीच्या माणसाला विचारा. बऱ्याच कंपन्या डीलरला फेसच्या फाइल देतात, मागितल्या तर. आपण मागतच नाही. फाइल नसेल तर फोटो काढा. पेटी फोडा, सगळे फेस बाहेर सावलीत सपाट मांडा. उन्हात नको, फ्लॅश नको. मोबाइल टाइलच्या बरोबर वर धरा, स्टुलावर उभं राहा आणि थोडं झूम करा, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. शेजारी एक पांढरा कागद ठेवा. नंतर रंग लावताना तो कागद पांढरा दिसतोय का, एवढं बघायचं. ग्लॉसी टाइलवर आभाळ चमकत असेल तर वर चादर धरा. आठ इंची टाइल असेल तर ती ए-४ स्कॅनरवरही मावते, फक्त काच सांभाळा.

मग फोटो सरळ करा आणि टाइलच्या कडेला बरोबर कापा. उजेड सगळीकडे सारखा आहे का ते बघा. एक कोपरा जरा जरी काळपट राहिला, तरी चित्र शंभर वेळा लागल्यावर हॉलभर ठिपके दिसतात.

जुळणी तपासायला ऑफसेटची सोय वापरा. गिंपमध्ये आहे, फोटोशॉपमध्ये आहे. चित्र अर्धं आडवं, अर्धं उभं सरकवायचं, म्हणजे कडा मध्यभागी येतात आणि चूक असेल तर लगेच दिसते. कृतामध्ये तर चित्र चहूबाजूंनी लागलेलं बघत बघत काम करता येतं. दुसऱ्या जातीच्या नक्षीत फुलाची पाकळी अर्ध्या मिमीनेही घसरली असेल तर इथंच दुरुस्त करा.

आता सांधा. मिस्त्री किती मिमीचा स्पेसर लावणार हे आधी विचारा. समजा २ मिमी. ६०० मिमीची टाइल अधिक सांधा, म्हणजे ६०२ मिमी. तुमची फाइल २०४८ पिक्सेलची असेल तर एका मिमीला साधारण ३.४ पिक्सेल येतात, म्हणजे सांधा ७ पिक्सेलचा. त्यात जे ग्राउट विकणार त्याच रंगाची रेघ काढा. पांढऱ्या ग्राउटने नक्षी तुटक दिसते, मिळत्या रंगाच्या ग्राउटने ती एकसंध वाटते. हे गिऱ्हाइकाला रेंडरमध्ये दाखवलं तर ते स्वतःच ग्राउट निवडतं. गुरुजींच्या हॉलला मी हे केलं असतं तर निम्मं दुखणं तिथंच कमी झालं असतं.

त्यानंतर माप. स्केचअपमध्ये मटेरियलला प्रत्यक्ष लांबी-रुंदी देता येते, तिथं ६०२ लिहायचं. अंदाजाने ओढून मोठं-लहान करायचं नाही. आठ इंचाचं फूल दोन फुटांचं होतं ते याच अंदाजाने. तपासायची सोपी युक्ती सांगतो: दाराच्या रुंदीत किती टाइल बसतात ते रेंडरमध्ये मोजा. तीन फुटी दारात दोन फुटी टाइल दीडच बसली पाहिजे.

मार्बल डिझाइनला एकाच फेसचं टेक्श्चर करू नका. चार बाय चारचा चौकोन करा, त्यात सगळे फेस मिसळून टाका, काही फिरवून लावा, सारखे दोन शेजारी येऊ देऊ नका. नाहीतर तीच शीर दर दोन फुटांवर दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "हे तर वॉलपेपर वाटतंय."

शेवटी चमक. ब्लेंडरमध्ये रफनेस नावाचा आकडा असतो. कमी केला की चमक वाढते, वाढवला की मॅट दिसतं. मॅट टाइल विकताय आणि रेंडरमध्ये खिडकीचं प्रतिबिंब फरशीत दिसतंय, असं नको. कार्व्हिंगच्या टाइलवर नक्षीची खोली दाखवायला नॉर्मल मॅप लागतो, पण तोही हलक्या हाताने. तीन बोटं आत जाईल एवढी खोली दाखवलेली रेंडर मी पाहिली आहेत.

"पण सर, एवढं कोण करतं?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. तीन प्रकारे येतो, तिन्हींचं उत्तर देतो.

एक जण म्हणतो, गिऱ्हाइकाला कुठे फरक कळतो? कळतो. रेंडर बघताना कळत नाही, टाइल बसल्यावर कळतो. आणि तेव्हा बदलायचा खर्च सगळ्यात जास्त असतो. कागदावरची चूक फुकट पुसता येते, ॲडहेसिव्हवर बसलेली चूक हातोड्यानेच निघते.

दुसरा म्हणतो, सर, आता एआय आहे, एका मिनिटात अख्खी खोली करून देतं. देतं, आणि छान देतं. गिऱ्हाइकाला गडद आवडतं की फिकट, नक्षी आवडते की साधं, हे चाचपायला मीही वापरतो. पण त्या चित्रातली टाइल कुठल्याही पेटीत नसते. म्हणून ते चित्र दाखवून बिल करायचं नाही. आवड कळली की आपल्या स्टॉकमधली टाइल काढायची, आणि तिचं खरं टेक्श्चर टाकून दुसरं रेंडर द्यायचं.

तिसरा म्हणतो, एका टाइलला दोन तास घालवले तर परवडणार कसं? हा प्रश्न खरा आहे. दुकानात चारशे डिझाइन असतील तर सगळ्यांचं करायला बसू नका. मी वर्षात सगळ्यात जास्त खपलेल्या तीस डिझाइनपासून सुरुवात केली. एकदा केलेलं टेक्श्चर डिझाइन बंद होईपर्यंत कामाला येतं. दोन तासांचा खर्च एका गिऱ्हाइकावर टाकू नका, पुढच्या पन्नास गिऱ्हाइकांवर वाटा. टेक्श्चरची लायब्ररी हा माझ्या हिशेबाने स्टॉकच आहे, फक्त त्याला गोडाऊन लागत नाही आणि तो फुटत नाही.

ज्यांच्याकडे दुकान नाही त्यांच्यासाठी

तुमच्यापैकी बरेच जण अजून शोधात आहात, की कमी भांडवलात काय करता येईल. यातच एक काम दडलंय. तालुक्याच्या गावात टाइलची दुकानं भरपूर आहेत. त्यांच्याकडे माल आहे, पण आपल्या मालाचं नीट माप असलेलं टेक्श्चर नाही. तुम्ही एक लॅपटॉप घेऊन त्यांना महिन्याला दहा डिझाइन करून देऊ शकता. दर डिझाइनमागे ठरवा, आणि पहिली दोन फुकट करून दाखवा. दुकानदाराला चित्र आवडलं की नाही हे विचारू नका. टाइल स्क्रीनशेजारी ठेवा आणि त्याला म्हणा, "दादा, फरक दाखवा." तो शोधत बसला, की काम तुमचं.

एक काळजी घ्या. टाइलचं डिझाइन कंपनीचं असतं. डीलरच्या संमतीने तीच टाइल विकण्यासाठी टेक्श्चर करणं वेगळं, आणि ते उचलून टेक्श्चरच्या साइटवर आपलं म्हणून विकणं वेगळं. दुसऱ्या वाटेला जाऊ नका.

माझ्या दुकानातले नियम

गुरुजींच्या हॉलनंतर मी तीन नियम केले. ते आजतागायत मोडलेले नाहीत.

स्टॉकमध्ये किंवा पक्क्या ऑर्डरमध्ये नसलेली टाइल रेंडरमध्ये दाखवायची नाही.

रेंडर दाखवताना खरी टाइल शेजारी ठेवायची, मोबाइलचा नाइट मोड बंद करून. एक पीस गिऱ्हाइकाच्या साइटवर नेऊन त्याच खोलीच्या उजेडात दाखवायचा.

रेंडरची प्रिंट बिलाला जोडायची. त्यावर डिझाइनचं नाव, फिनिश, सांधा किती मिमी आणि ग्राउटचा रंग लिहायचा. माल आला की पेटीवरचा शेड नंबर बिलावर लिहायचा, आणि सगळ्या पेट्या एकाच शेडच्या आहेत ना ते गाडी उतरवतानाच बघायचं.

प्रिंटखाली बारीक अक्षरात "चित्र अंदाजे आहे" असं लिहून सुटका करून घेणारे लोक आहेत. स्क्रीन आणि टाइल यांच्यात थोडा फरक राहणारच, तो तोंडाने सांगा. पण ते वाक्य ढाल म्हणून वापरू नका. गिऱ्हाइकाने बारीक अक्षर वाचून पैसे दिलेले नसतात, तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

या नियमांमुळे माझी काही बिलं गेली. शेजारच्या दुकानात जास्त चकचकीत चित्र बघून लोक तिकडे गेले. पण गेल्या चार वर्षांत "चित्रात असं नव्हतं" म्हणून एकही फरशी मी उखडलेली नाही. आणि आता आर्किटेक्ट फोन करून विचारतात, तुमच्या टाइलचे टेक्श्चर पाठवा ना. पाठवतो. कारण त्यांनी माझं टेक्श्चर ड्रॉइंगमध्ये टाकलं, की टाइलही बहुतेक वेळा माझ्याकडूनच जाते.

या रविवारी एक काम करा. घरातली कुठलीही एक नक्षीची टाइल निवडा, मोजपट्टीने मापा, फोटो काढा आणि तिचं टेक्श्चर सांध्यासकट करा. मग त्याच खोलीचं रेंडर करा आणि खोलीत उभे राहून दोन्ही बघा. फूल तेवढंच दिसतंय का, रेघ जिथल्या तिथे आहे का, ते तपासा. जमलं नाही तर पुन्हा करा. घरच्या फरशीवर चुकलात तर काही बिघडत नाही. कुणाच्या तरी काकूंच्या हॉलमध्ये चुकू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.